साळवे सिस्टरांच्या शिव्या

साळवे सिस्टर एखाद्याशी गोड बोलल्या, की त्या माणसाचं आता काही खरं नाही, असं आमच्या केंद्रात सगळे धरून चालायचे. गोड बोलणं त्यांनी दोनच प्रकारच्या लोकांसाठी राखून ठेवलं होतं. एक, जे फार दिवस काढणार नाहीत असे पेशंट, आणि दोन, वरच्या ऑफिसातून तपासणीला येणारे साहेब. उरलेल्या जगाला शिव्या.

आमचं केंद्र म्हणजे शहागंजच्या मागच्या गल्लीत, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. सुईनं नशा करणारी माणसं तिथं रोज सकाळी यायची. नशेची तलफ मारणारी एक गोळी त्यांना द्यायची, ती कुटून जिभेखाली ठेवायची. पाच-सात मिनिटं ती विरघळेपर्यंत तोंड मिटून समोर बसायचं. बोललं की गोळी पोटात जाते आणि वाया जाते. ज्यांची सुई सुटलेली नसायची त्यांना नव्या सुया द्यायच्या, म्हणजे निदान एकमेकांच्या तरी वापरणार नाहीत. एकमेकांच्या वापरून झालेले उद्योग आमच्याकडं भरपूर होते. निम्म्या लोकांना एचआयव्ही होता, आणि उरलेल्यांतले काही तपासणी चुकवत होते.

मी तिथं समुपदेशक. सिस्टर सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडं कंत्राटावर आलेल्या. मूळच्या पिशोरच्या. बुटक्या, कानात सोन्याची फुलं, साडीची घडी अशी की त्या बसल्या तरी मोडायची नाही. गोळी जिभेखाली गेली की त्यांची बोलायची वेळ सुरू व्हायची. समोरच्याला उलट बोलता येत नाही, याचा एवढा पुरेपूर फायदा घेतलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आंघोळ का नाही केली, काल कुणाबरोबर होतास, आईला फोन केलास का, दाढी वाढवून कुणाला घाबरवणार आहेस, असे प्रश्न विचारायच्या. उत्तर यायची शक्यता नसल्यामुळं उत्तरही स्वतःच द्यायच्या, आणि त्या उत्तरावर पुन्हा रागवायच्या.

सोमवारी तर त्या नेलकटर काढायच्या. घाणेरड्या नखांनी खाजवून सुईच्या जागी गळवं चिघळतात, हे त्यांचं शास्त्र होतं. समोर बसलेल्याचा हात ओढायचा, आपल्या तळहातावर ठेवायचा आणि एकेक नख कापत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. कधीकाळी वाळूजच्या कारखान्यात फिटर असलेला आमचा राजू, चांगला सहा फुटी गडी, तोंड मिटून हात पुढं करून बसलेला असायचा आणि सिस्टर त्याला 'उंडग्या' म्हणत करंगळीचं नख कापत असायच्या. ज्याच्या हाताला सख्ख्या भावानं चार वर्षांत हात लावला नव्हता, तो माणूस त्या वेळी खिडकीबाहेर बघायचा. मला वाटायचं त्याला अपमान वाटतोय. समाजकार्यात एमएसडब्ल्यू झालेल्या माणसाला असं बरंच काही वाटत असतं.

शिव्या प्रत्येकाच्या वेगळ्या होत्या, आणि ठरलेल्या. राजू उंडग्या, एक निवृत्त मास्तर होते ते 'शहाण्या', आणि बिडकीनचा सुदाम 'मुडद्या'. नवीन माणसाला पहिले आठ-दहा दिवस काहीच मिळायचं नाही. मग एक दिवस त्याला त्याची शिवी मिळायची आणि तो बाहेर जाऊन इतरांना सांगायचा. एकदा एक पोरगेला इसम माझ्याकडं रडकुंडीला येऊन बसला. महिना झाला, म्हणाला, सिस्टर मला काही म्हणतच नाहीत. मी हे 'तक्रारी' या रकान्यात लिहावं की 'समाधान' या, ते मला ठरवता आलं नाही.

मी स्वतः सगळ्यांना 'आपण' म्हणायचे. आवाज मवाळ ठेवायचे, मान तिरकी करून ऐकायचे, शिकवलं होतं तसं सगळं. एकदा जेवणाच्या सुट्टीत सिस्टर मला म्हणाल्या, "तू लई गोड बोलतीस पोरी. पन पेशंट आला की खुर्ची दोन हात मागं घेतीस."

मी हसून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खुर्चीच्या पायांचे ओरखडे फरशीवर स्पष्ट दिसत होते. सगळे मागच्या दिशेनं गेलेले.

"आमच्या आज्याशी गावात लई गोड बोलायचे," त्या दुपारी सिस्टर डबा झाकता झाकता म्हणाल्या. "पानी मातर वरून ओंजळीत वतायचे. तवापासनं आमच्या घरात गोड बोलन्यावर कुनाचा इस्वास नाय."

आमच्या पेशंटांना जगानं वाळीत टाकलेलं होतं हे खरं, पण म्हणून ते आपसात समतेनं राहत होते असा कुणाचा समज असेल तर तो त्यानं काढून टाकावा. नुसत्या गोळ्या खाणारे सुईवाल्यांना हलके समजायचे. सुईवाल्यांमध्ये ज्यांना एचआयव्ही नाही ते, असलेल्यांच्या बाकड्यावर बसायचे नाहीत. आणि असलेले जेव्हा औषध आणायला सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभे राहायचे, तेव्हा रांगेतल्या बाकीच्यांच्या मते त्यांच्यासारखे पापी तेच. कुणाला नवऱ्यापासून झाला, कुणाला रक्तातून झाला, यांनी मात्र हौसेनं टोचून घेतला. प्रत्येकाला आपल्या खाली एक पायरी लागते. सुदामच्या खाली पायरीच शिल्लक नव्हती, म्हणून तो स्वतःलाच पायाखाली घ्यायचा.

सुदाम चाळिशीचा होता. बिडकीनची त्यांची जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली, भावानं स्लॅबचं घर बांधलं, आणि सुदामला सकाळी उठून जायला शेत उरलं नाही. मग तो ज्यांना जायला शेत नव्हतं अशा इतरांबरोबर बसू लागला आणि वर्षभरात सुईवर आला. आमच्याकडं आल्यावर सुई सुटली. पण तोवर रक्त तपासलेलं नव्हतं, कारण त्याच्या दोन्ही हातांच्या शिरा जळून गेल्या होत्या. सरकारी दवाखान्यात रक्त द्यायला गेलं की तिथला माणूस चार ठिकाणी टोचायचा आणि मग वैतागून म्हणायचा, तूच दाखव की, तू तर एक्स्पर्ट आहेस. रांगेतले हसायचे. सुदाम दोनदा तसाच उठून आला.

सिस्टरांनी त्याला आमच्याच खोलीत बसवलं. हात हातात घेऊन कोपरापासून मनगटापर्यंत बोटांनी चाचपत गेल्या आणि अगदी गंभीरपणे, सर्जननं दुसऱ्या सर्जनला विचारावं तसं विचारलं, कुठली जिवंत आहे रे. तोच प्रश्न, पण हसायला कुणी नव्हतं. सुदामनं जरा विचार करून डाव्या अंगठ्यामागची जागा दाखवली. सिस्टरांनी हातमोजे चढवले आणि पहिल्या टोचणीत रक्त आलं. वर त्याला म्हणाल्या, मुडद्या, एवढी चांगली शीर लपवून ठेवली होती व्हय.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तो त्याला सांगायचं काम माझं होतं, आणि मी ते फार सुंदर केलं. टिश्यू पेपरचा डबासुद्धा पुढं सरकवला. औषध रोज घेतलं तर माणूस पुरं आयुष्य जगतो, हे तीन वेळा सांगितलं. सुदाम मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "मॅडम, ह्या गोळ्या चांगल्या मानसांना द्या. आमच्यावर कशाला वाया घालवता?"

यावर काय बोलावं हे आमच्या पुस्तकात होतं. मी ते बोलले, आणि तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा व्हरांड्यात सगळ्यांना माहीत झालेलं होतं. असल्या गोष्टी आमच्याकडं गुप्त ठेवतात, त्यामुळं लवकर कळतात. सगळे त्याच्याशी हळू बोलत होते. राजूनं तर उठून जागा दिली. सुदामचा चेहरा मातीसारखा झाला. पुढं बऱ्याच दिवसांनी त्यानं मला सांगितलं, की त्या क्षणी त्याचं सगळं लक्ष आतल्या खोलीकडं होतं. आता सिस्टर पण हळू बोलल्या, तर इथून सरळ रेल्वेच्या रुळांवर जायचं, हे त्यानं ठरवलं होतं.

तो आत गेला. सिस्टरांनी त्याच्याकडं नखशिखान्त बघितलं.

"मुडद्या," त्या म्हणाल्या, "कालचाच सदरा घातलास व्हय? आरं घरात पानी नाय का सुटत?"

सुदाम बाकड्यावर बसला, गोळी जिभेखाली ठेवली आणि हसायला लागला. मग रडायला लागला, मग पुन्हा हसायला. गोळी जिभेखाली असल्यामुळं त्याला दोन्ही तोंड मिटून करावं लागलं. सिस्टर त्याला म्हणाल्या, की गोळी गिळलीस तर दुसरी मिळणार नाही, आणि औषध आणायला उद्या मी बरोबर येतेय, आणि धुतलेला सदरा घालून यायचं. औषध दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. "शिवी तीच होती मॅडम," तो मला सांगायचा. "रिपोर्ट बदलला, पन शिवी तीच होती."

यानंतर साधारण वर्षभरानं आमच्याकडं ते सर्वेक्षण आलं. आमच्यासारख्या केंद्रांमध्ये पेशंटांना किती हिणवलं जातं, हे मोजायचं होतं. हेतू उत्तमच होता. मोजणारे लोक मनानं चांगले होते आणि त्यांनी प्रश्नावली मेहनतीनं तयार केली होती. ती भरून घ्यायचं काम माझ्याकडं आलं. त्यात एक प्रश्न असा होता: गेल्या सहा महिन्यांत इथल्या कर्मचाऱ्यांनी तुम्हाला कधी रागावलं आहे का, अपमान केला आहे का, अपशब्द वापरले आहेत का?

आता हा प्रश्न जगात कुठंही विचारला तर माणूस विचार करून, इकडं तिकडं बघून उत्तर देईल. आमच्या लोकांनी छाती पुढं काढली.

"लिखो मॅडम, रोज," राजू म्हणाला. "एक दिन का नागा नै."

त्याच्या मागच्यानं ते ऐकलं होतं. तो म्हणाला, मला दिवसातून दोनदा. ज्याला जेमतेम आठवड्यातून एकदा शिवी मिळायची त्यानं ओशाळून सांगितलं, की माझंही 'रोज'च लिहा. मास्तरांनी स्वतःची शिवी उदाहरणादाखल लिहून घ्यायला लावली. सुदामनं 'मुडद्या' हा शब्द असा उच्चारला, जणू लोकांना सरकारी पदव्या मिळतात तशी ती त्याला मिळाली होती. मी टिकमार्क करत गेले. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी 'शेरा' असा एक रकाना होता. तिथं चार ओळी लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. पण फॉर्म पुष्कळ होते, दुपार झाली होती, आणि मी तो रकाना कोरा सोडला. एवढंच माझं या सगळ्यातलं कर्तृत्व.

निकाल आला तेव्हा आमचं केंद्र यादीत सगळ्यात खाली होतं. सगळ्यात वर जे केंद्र होतं तिथं मी एकदा गेले होते. तिथली नर्स खिडकीच्या जाळीतून गोळी द्यायची आणि कुणाशीच काही बोलायची नाही. त्यामुळं अपशब्दाचा प्रश्नच नव्हता.

प्रकल्प अधिकारी बाई येऊन गेल्या. त्या अतिशय मृदू होत्या. त्यांनी सिस्टरांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. जालना रोडवरच्या एका हॉटेलात ते झालं. मीही होते. शेवटच्या दिवशी नर्सनं पेशंटशी कसं वागावं याचं नाटुकलं बसवलं होतं. त्यात सिस्टरांना पेशंट केलं. त्यांनी आधी कोपऱ्यात जाऊन लाल पेनानं दंडावर एक चांगलं मोठं गळू काढलं आणि बाही वर सारून जाऊन बसल्या. समोरच्या नर्सनं नमस्कार केला, पाणी दिलं, नाव विचारलं, आपल्याला इथं सुरक्षित वाटतं का असंही विचारलं. टाळ्या पडल्या. मग सिस्टरांना अनुभव विचारला, तर म्हणाल्या, "सगळं बेस केलं. पन ह्या हाताकडं कुनी बघितलं नाय."

तरी त्यांनी प्रमाणपत्र आणलं आणि प्रामाणिकपणे अंमलात आणायचं ठरवलं. हे मला त्यांच्याविषयी मुद्दाम सांगायचंय. त्या हट्टी नव्हत्या. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या बाईला वरून आलेल्या हुकुमाचा आदर होता. एवढे शिकलेले लोक सांगतात म्हणजे आपलंच चुकत असेल, असं त्या मला रिक्षात म्हणाल्या. ते ऐकून मला वाईट वाटलं, पण मी गप्प बसले. प्रमाणपत्र मलाही मिळालं होतं.

सोमवारी सकाळी पहिला राजू आत गेला. सिस्टर म्हणाल्या, या, बसा, आपली तब्येत कशी आहे.

राजू उभाच राहिला. मग घाबऱ्या आवाजात त्यानं विचारलं, "सिस्टर, रिपोर्ट में कुछ आया क्या?"

त्यांनी काही नाही म्हणून सांगितलं, तेही गोड आवाजात, त्यामुळं त्याची खात्रीच पटली. तो बाहेर जाऊन मटकन बसला. दुसरा गेला, त्यालाही 'बसा'. दुपारपर्यंत व्हरांड्यात दोन मतं झाली होती. एक, केंद्र बंद होतंय. दुसरं, सगळ्यांचे रिपोर्ट वाईट आलेत आणि सांगत नाहीयेत. सुदामला सिस्टर म्हणाल्या, सुदामराव, औषध वेळेवर घेता ना. तो गोळी विरघळेपर्यंत बसला, उठला, आणि त्यानं सिस्टरांना वाकून नमस्कार केला. मला तेव्हा तो शिष्टाचार वाटला.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी नाही. आमच्या गोळीत दोन-तीन दिवसांचा खंड म्हणजे माणूस तळमळतो आणि पुन्हा सुईकडं जातो. एचआयव्हीचं औषधही त्यानं सोडलं असणार, हे उघड होतं. फोन बंद. चार दिवस सिस्टर गोड बोलत राहिल्या आणि दाराकडं बघत राहिल्या. पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पिशवी उचलली आणि मला म्हणाल्या, चल.

पेशंटच्या परवानगीशिवाय घरी जायचं नाही असा नियम आहे, हे मी त्यांना सांगितलं.

"मंग तू नियम हितंच ठिव आन् तू चल," त्या म्हणाल्या.

बिडकीनला भावाच्या घरी सुदामची वहिनी दारात होती. आम्ही दवाखान्यातल्या, एवढंच सिस्टरांनी सांगितलं. काय आजार, कसला दवाखाना, एक अक्षर नाही. त्याला टीबी आहे असं घरात समजत होते. सुदाम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडला होता. पूर्वी तिथं बैल बांधायचे. वहिनी बिचारी आधीच खुलासा करायला लागली. आम्ही त्याला बाहेर काढलेलं नाही, म्हणाली. "ताट मी आतच वाढते, बाई. ते उचलून भाईर नेतंय. पुतन्याला जवळ येऊ देत नाय."

मी चकित झाले. कारण आमच्या केंद्रात नव्या माणसाला, एका ताटात जेवल्यानं हा आजार होत नाही, पोरांना जवळ घेतल्यानं होत नाही, हे सगळ्यात छान समजावून सांगायचा तो सुदामच.

सिस्टर शेडच्या दारात उभ्या राहिल्या. सुदाम थरथरत उठून बसला. दंडावर सुईची ताजी खूण होती.

"पाच दिस झाले, मुडद्या."

"सिस्टर," सुदाम म्हणाला, "तुमी मला सुदामराव म्हनलात."

"मंग? म्हनून मरायला लागलास?"

"तुमी कुनाला आसं म्हनता, मला ठावं हाय की."

मग सिस्टरांचं तोंड सुटलं. ते प्रशिक्षणाचे तीन दिवस, हॉटेलातली कॉफी, प्रमाणपत्र, सगळं बिडकीनच्या उन्हात वाहून गेलं. एवढ्या शिव्या मी त्यांच्याही तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या. त्यातल्या निम्म्या सुदामला होत्या आणि निम्म्या स्वतःला. वहिनी आधी दचकली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. एवढ्या हक्कानं बोलणारी बाई म्हणजे नात्यातली कुणीतरी असणार, असं तिला वाटलं असावं. शेवटी सिस्टरांनी शेडमधलं झाकलेलं ताट उचललं आणि त्या घरात निघाल्या. जेवायचं असेल तर आत ये, असं मागं न बघता म्हणाल्या.

सुदाम आला. उंबऱ्यात बराच वेळ उभा राहिला, मग आत आला आणि पुतण्याकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसला. तसाच जेवला. एका दिवसात याहून जास्त काही होत नसतं. दुसऱ्या दिवशी तो केंद्रात आला आणि त्याची गोळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

महिनाअखेरीस आढावा बैठक झाली. अधिकारी बाईंनी सिस्टरांना विचारलं, प्रशिक्षणानंतर वागण्यात काही सुधारणा झाली का. सिस्टर म्हणाल्या, झाली होती, पाच दिवस. माणसं पळायला लागली, मग ती सुधारणा सोडून दिली. बिडकीनचंही सगळं सांगून टाकलं, शिव्यांसकट. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबत होते. बाई शेवटपर्यंत हसतमुख होत्या. आपल्या अनुभवाचा आम्हाला फार आदर आहे, म्हणाल्या, आणि कंत्राट पुढं वाढवता येणार नाही, असं सांगितलं.

ही बातमी व्हरांड्यात पोचली तेव्हा पहिल्यांदा कुणाला कळेचना. कशाबद्दल काढलं, असं राजूनं विचारलं. तुम्ही फॉर्ममध्ये सांगितलं त्याबद्दल, असं मी सांगितलं. राजू म्हणाला, की आम्ही तर तारीफ केली होती.

मग अर्ज करायचं ठरलं. मी मजकूर लिहून दिला: सिस्टर अत्यंत प्रेमळ असून त्यांनी कधीही अपशब्द वापरलेले नाहीत. सुदामनं तो वाचला आणि परत दिला. म्हणाला, मॅडम, ह्या आमच्या सिस्टर नाय वाटत, कुनीतरी दुसरीच बाई वाटती. मी म्हटलं, मग तुम्ही लिहा. पण एक लक्षात घ्या, निनावी अर्जाची कुणी दखल घेत नाही. खरं नाव, गाव आणि सही लागेल.

सगळे टेबलापासून एकेक पाऊल मागं सरकले. कारण आमच्याकडं नावं नव्हतीच. प्रत्येकाला नंबर होता, आणि बोलावण्यापुरतं एक नाव, ते ज्याचं त्यानं सांगितलेलं. खरं नाव बाहेर गेलं तर कुणाची खोली जाणार होती, कुणाचं काम, कुणाच्या बहिणीचं ठरलेलं लग्न. हे मला माहीत होतं. म्हणूनच, खरं सांगायचं तर, आता हे प्रकरण इथंच मिटेल असं मला वाटलं.

सुदामनं माझ्या टेबलावरचं बॉलपेन घेतलं आणि कागदावर लिहिलं, सावकाश, शाळेतल्या अक्षरात: 'मी सुदाम, बिडकीन. मला एचआयव्ही आहे. मी सुई घेत होतो. सिस्टर मला शिव्या देतात. त्या बंद करू नयेत.' मग वर नजर टाकून, राहिलंच होतं म्हणून, वडिलांचं नाव आणि आडनाव घातलं आणि सही केली. राजूनं पेन घेतलं. तीन वर्षं आम्ही ज्याला राजू म्हणत होतो त्यानं लिहिलं, 'अन्वर खान, वाळूज. मलाही आहे. मलाही देतात.' मग मास्तर. मग एकामागून एक. एकमेकांच्या बाकड्यावर न बसणारे लोक एकाच कागदावर, जागा पुरेना तेव्हा मागच्या बाजूला, समासात, आडवे, उभे. ज्यांना आजार नव्हता त्यांनीही सह्या केल्या. एकानं तर 'मला अजून नाही' असं लिहिलं.

तो कागद त्यांनी सिस्टरांकडंच दिला. शेवटच्या दिवशी हिशोबाचे कागद करायला त्यांना ऑफिसात जायचंच होतं. सिस्टरांनी कागद घेतला, वरवर बघितला, अक्षर घाण आहे म्हणून सगळ्यांना झापलं आणि पिशवीत ठेवला.

मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. तुम्ही स्वतः बाईंच्या हातात द्या, असं मी त्यांना सांगत होते. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, की हा कागद कुणालाच द्यायचा नाही.

मी चिडले. भर रस्त्यात चिडले. हा अर्ज बघितला तर त्यांना तुम्हाला ठेवावंच लागेल, मी म्हटलं, आणि या माणसांनी काय जिवावर उदार होऊन नावं लिहिली ते तुम्हाला कळतंय का.

"कळतंय म्हनून तर," त्या म्हणाल्या. "उद्या ह्याची झेरॉक्स कुनाच्या टेबलावर पडंल, तुला ठावं हाय? माझ्या नोकरीपायी ह्यांची घरं जाऊ देऊ?"

"मग त्यांनी लिहिली कशाला?"

"लिहिली ना? सोताच्या हातानं लिहिली ना? मंग झालं की. सायेबानं वाचायची काय गरज?"

त्यांचं बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्या जागी आलेली नर्स चांगली आहे, आणि पुढच्या सर्वेक्षणात आमचं केंद्र पुष्कळ वर गेलं. मास्तर आता येत नाहीत. राजू येतो, पण त्याची नखं वाढलेली असतात, आणि नेलकटर आणून ठेवायचं माझ्या महिनोन्‌महिने मनात आहे. सुदाम रोज येतो, औषध घेतो. वहिनीनं सांगितलं, की आता तो भिंतीकडं तोंड करून बसत नाही. कधीमधी तो मला विचारतो, त्या अर्जाचं काय झालं, कुणी वाचला का तरी. मी सांगते, वाचला. आणि हे काही मी त्याला बरं वाटावं म्हणून सांगत नाही.

कारण त्या दिवशी सिस्टर शेअर रिक्षात बसल्यावर मी रागानं चार पावलं गेले आणि परत वळून बघितलं. त्यांनी चष्मा लावला होता. कागद मांडीवर पसरून, पहिल्या नावाखाली बोट ठेवून त्या ओठ हलवत वाचत होत्या. पुढचं नाव, मग त्याच्या पुढचं. रिक्षा भरली तसा रिक्षावाला म्हणाला, मौसी, कागज समेटो, सरको जरा. सिस्टरांनी मान वर केली नाही.

"थांब रे जरा," त्या म्हणाल्या. "अजून मागची बाजू ऱ्हायली."